शिक्कामोर्तब : छायाचित्राच्या खरेपणाचा प्रश्न आणि त्याचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच इमारतीत शिकलो. त्यांच्या स्मृतिदिनी बोलण्याची संधी मला दिल्याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. मी जन्मभर मराठी शिकवले आणि विषय मात्र अंकीय स्वाक्षरीचा निवडला, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. परंतु हा विषय मी निवडला असे म्हणण्यापेक्षा आपल्या शाळेतच घडलेल्या एका प्रसंगाने तो माझ्यापुढे आणून ठेवला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. म्हणून आरंभी तो प्रसंग सांगतो.

शाळेच्या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे गोळा करण्याचे काम सुरू होते. एका माजी विद्यार्थ्याने एक चित्र पाठविले. शाळेच्या फाटकाशी आचार्य विनोबा भावे उभे आहेत, शेजारी आपले गुरुजी हात जोडून उभे आहेत आणि मागे मुलांची रांग आहे. १९६० साली विनोबा इंदुरात मुक्कामाला होते, हा इतिहास आहे. त्या वेळी मी पाचवीत होतो. गुरुजींनी आम्हाला रांगेने त्यांच्या प्रवचनाला नेले होते, हेही मला पक्के आठवते. ते चित्र पाहताच माझे डोळे भरून आले. क्षणभर असेही वाटले, की त्या रांगेत डावीकडून तिसरा मुलगा मीच असलो पाहिजे.

मुखपृष्ठावर तेच चित्र घ्यायचे ठरले. छपाईला जाण्यापूर्वी आमच्या चित्रकलेच्या शिक्षिकांनी ते मोठे करून पाहिले. फाटकावरील पाटीवर देवनागरीसारखी दिसणारी अक्षरे होती, पण ती वाचता येत नव्हती. शिरोरेघ होती, काने-मात्रा होत्या, शब्द मात्र एकही नव्हता. ते चित्र संगणकाकडून तयार करवून घेतलेले होते. पाठविणाऱ्याने ते बनविले नव्हते. त्याला ते दुसऱ्याकडून आले होते, त्या दुसऱ्याला तिसऱ्याकडून. कोणीतरी गुरुजींवरील प्रेमापोटीच ते केले असावे.

गोष्ट येथे संपली असती तर मी आज हा विषय घेतला नसता. पुढच्याच आठवड्यात आणखी एक छायाचित्र आले. ते खरे होते : शाळेच्या जुन्या पेटीतील, कडा पिवळ्या पडलेले, एका वर्गाचे. त्यात फाटक्या सदऱ्यातला एक मुलगा पुढच्या रांगेत बसला आहे. ते पाहून एका तरुण सभासदाने सहज विचारले, "हेही तसलेच नसेल कशावरून?" तो मुलगा आज सत्तरी ओलांडलेला गृहस्थ आहे आणि त्या बैठकीला उपस्थित होता. तो एवढेच म्हणाला, "अहो, तो मी आहे." आणि गप्प बसला.

खोट्या चित्राने आमची जी हानी केली, तिच्याहून मोठी हानी या दुसऱ्या प्रसंगात झाली असे मी मानतो. खोटे खपून जाणे वाईट खरेच. परंतु खऱ्याला आपले खरेपण सिद्ध करता न येणे अधिक वाईट. या दुसऱ्या संकटावर माणसाने आजवर कोणकोणते उपाय केले, ते आज थोडक्यात पाहावयाचे आहे.

१. शिक्का आणि मोर्तब

आपण नित्य वापरतो तो 'शिक्कामोर्तब' हा शब्द मराठेशाहीतील कागदांच्या व्यवहारातून आला आहे. मोडी कागद हाताळणाऱ्यांना ठाऊक आहे, की राजपत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा म्हणजे शिक्का उमटवीत आणि मजकूर संपला की अखेरीस लहान मुद्रा उमटवीत. ती मोर्तब. मूळ अरबी शब्द 'मुरत्तब'. लेखनाची मर्यादा येथे संपली, याच्या खाली कोणी ओळ वाढविली तर ती आमची नव्हे, असा तिचा अर्थ. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत आणि पाठीमागे प्रत्येक जोडावर शिक्का मारीत. मधला एखादा बंद काढून दुसरा घातला, तर शिक्क्याची दोन अर्धुके जुळत नसत.

या व्यवस्थेत तीन प्रश्नांची उत्तरे होती. पत्र कोणाचे? लिहिल्यानंतर त्यात फेरफार झाला आहे का? जोड कोठे आहेत आणि ते शाबूत आहेत का? पत्रातील मजकूर सत्य आहे की नाही, या चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र शिक्का देत नव्हता. वतनाच्या तंट्यात अस्सल शिक्क्याच्या कागदातही चुकीची हकीकत असू शके. तिच्यासाठी गोतसभा भरे, साक्षी होत. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे.

शिक्क्याची नक्कलही होत असे. १८४० च्या दशकात दक्षिण मराठा मुलखात इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. तेव्हा सनदा तपासण्याचा प्रश्न घरोघरी जाऊन पोहोचला. आपली सनद अस्सल असूनही ती सिद्ध करता न आल्यास पिढ्यांचे उत्पन्न जाणार, ही त्या काळच्या इनामदारांची धास्ती होती. आमच्या बैठकीतील त्या गृहस्थाची व्यथा जातीने त्याहून वेगळी नाही.

२. छायाचित्राची साक्ष

१८३९ साली छायाचित्रणाची कला जगापुढे आली, तेव्हा लोकांना वाटले की आता साक्षीदाराची गरज उरली नाही, सूर्यप्रकाश स्वतःच साक्ष लिहून ठेवील. हा भ्रम फार काळ टिकला नाही. १८४० साली फ्रान्सच्या इपोलित बायार याने स्वतःचे एक छायाचित्र तयार केले. त्यात तो बुडून मेलेला दाखविला होता. आपल्या शोधाची दखल घेतली गेली नाही, या रागापोटी केलेले ते नाटक होते. पुढे अमेरिकेत विल्यम मम्लर हा ग्राहकांच्या छायाचित्रांत त्यांच्या मृत आप्तांच्या छाया उमटवून देऊ लागला. १८६९ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर खटला झाला आणि पुराव्याअभावी तो सुटला.

सत्तेच्या हाती ही विद्या गेली तेव्हा तिचे रूप भयंकर झाले. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनच्या शेजारून चालणारा निकोलाय येझोव्ह हा सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख होता. १९४० साली त्याला देहान्त शासन झाले आणि नंतरच्या चित्रात त्याच्या जागी केवळ कालव्याचे पाणी राहिले.

आपल्या इंदूरचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. लाला दीनदयाळ हे थोर छायाचित्रकार येथील सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी येथेच कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचा त्यांना आश्रय होता. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना 'राजा' हा किताब दिला. त्यांच्या सुमारे तीन हजार काचपट्ट्या १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. त्या काळी छायाचित्राच्या खरेपणाविषयी वाद झाला, तर अखेर काचपट्टीकडे जाता येई. कागदावरील प्रत कितीही फिरो, मूळ एकच आणि ते हाती धरता येण्यासारखे.

अंकीय कॅमेऱ्याने हे मूळच नाहीसे केले. संगणकातील चित्र म्हणजे आकड्यांची माळ. तिची प्रत आणि मूळ यांत फरक नसतो आणि माळेतील मणी बदलला तरी दोऱ्यावर खूण राहत नाही. १९८२ च्या फेब्रुवारीत 'नॅशनल जिऑग्राफिक'ने मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटीत बसावेत म्हणून इजिप्तचे दोन पिरॅमिड संगणकाने जवळ सरकविले, तेव्हा मोठा गहजब झाला. आज हे काम शाळकरी मूल खिशातल्या फोनवर करते.

३. दोन किल्ल्या

अशा वस्तूवर शिक्का मारावयाचा कसा? उत्तर आले ते गणितातून. १९७६ साली अमेरिकेत व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक नवी कल्पना मांडली. आजवर कुलूप लावण्याची आणि उघडण्याची किल्ली एकच असे. त्यांनी सुचविले की किल्ल्या दोन असाव्यात. एक गुप्त, ती मालकाने कोणालाही दाखवू नये. दुसरी जाहीर, ती चावडीवर टांगावी. गुप्त किल्लीने केलेली खूण जाहीर किल्लीने कोणालाही पडताळता येईल, पण जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली कोणालाही काढता येणार नाही.

ही कल्पना प्रत्यक्षात आणणारी रीत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ साली शोधली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या ओळखणे अतिशय कठीण, या साध्या सत्यावर ती उभी आहे. त्यांनी त्याच वर्षी १२९ अंकांची एक संख्या जगाला आव्हान म्हणून दिली. ती फोडण्यास १९९४ साल उजाडले आणि त्यासाठी सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपले संगणक कामाला लावले. आज याहून कितीतरी मोठ्या संख्या वापरतात. इंग्लंडच्या सरकारी गुप्तलेखन विभागातील क्लिफर्ड कॉक्स यांनी हीच रीत १९७३ सालीच शोधली होती. परंतु ती गोपनीय असल्याने १९९७ पर्यंत जगाला कळले नाही.

स्वाक्षरी संपूर्ण चित्रावर करीत नाहीत, त्याच्या ठशावर करतात. चित्राचे सगळे आकडे एका ठराविक रीतीने घुसळून त्यांचे एक लहानसे सार काढतात. त्याला 'हॅश' म्हणतात. आज रूढ असलेल्या एका रीतीने हे सार ६४ अक्षर-अंकांचे येते, मग मूळ वस्तू एक ओळ असो वा तासाभराची चित्रफीत. मुळातील एक ठिपका बदलला तरी सार पार बदलते. या साराला गुप्त किल्ली लावली की स्वाक्षरी तयार झाली.

राहिला प्रश्न काळाचा. चित्र आज बनवून ते जुने आहे असे म्हणता येऊ नये, यासाठी स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ साली एक मार्ग सुचविला. अनेक कागदपत्रांचे ठसे एकमेकांत साखळीसारखे गुंफून अखेरचे सार सर्वांसमक्ष प्रसिद्ध करावयाचे. १९९५ पासून असे सार 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्याला छापले जाऊ लागले. हजारो घरांत आणि ग्रंथालयांत गेलेला तो अंक मागाहून कोण बदलणार?

४. कॅमेऱ्याच्या पोटातील शिक्का

ही विद्या छायाचित्राला लावण्याचा स्पष्ट विचार १९९३ साली गॅरी फ्रीडमन यांनी मांडला. ते नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम करीत. त्यांचे म्हणणे असे, की गुप्त किल्ली कॅमेऱ्याच्या आतच, कोणाला वाचता येणार नाही अशा चिपमध्ये ठेवावी आणि कळ दाबताक्षणी चित्राबरोबर त्याची स्वाक्षरीही जन्मावी. नंतर चित्र बदलले तर स्वाक्षरी जुळणार नाही.

कल्पना उत्तम होती, अंमल मात्र कच्चा निघाला. कॅनन कंपनीने आपल्या कॅमेऱ्यांना पडताळणीची सोय दिली. २०१० साली रशियातील एल्कॉमसॉफ्ट या संस्थेने तिची गुप्त किल्ली कॅमेऱ्यातून बाहेर काढून दाखविली आणि चंद्रावर सोव्हिएत झेंडा रोवणाऱ्या अंतराळवीराचे बनावट चित्र त्या व्यवस्थेकडून 'अस्सल' ठरवून घेतले. त्या व्यवस्थेत खरी दोन किल्ल्यांची रीत नव्हतीच. एका नमुन्याच्या सगळ्या कॅमेऱ्यांना किल्लीही एकच होती. पुढच्या वर्षी निकॉनच्या व्यवस्थेची तीच गत झाली. शिक्का कितीही सुबक असो, शिक्केकट्यार ज्याच्या ताब्यात आहे तो गाफील राहिला तर त्याचा उपयोग नाही, हा पाठ जुनाच आहे.

२०२१ च्या फेब्रुवारीत अॅडोबी, आर्म, बीबीसी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि ट्रूपिक यांनी एक संयुक्त मंडळ स्थापिले. 'सी-टू-पी-ए' या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. चित्राबरोबर त्याची कुळकथा कशी बांधावी याचे खुले नियम या मंडळाने केले. चित्र कोणत्या साधनाने घेतले, केव्हा घेतले, पुढे कोणी काय बदलले, संगणकाकडून काही तयार करवून घेतले का, या प्रत्येक टप्प्याची नोंद स्वाक्षरीसह जोडली जाते आणि प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीशी बांधलेली असते. मला हे वाचताना कागदाच्या जोडांवरील शिक्के आठवले. २०२३ च्या ऑक्टोबरात लायका कंपनीने ही सोय अंगभूत असलेला पहिला कॅमेरा बाजारात आणला. २०२५ मध्ये काही फोनमध्येही ती आली. त्याच वर्षी निकॉनच्या एका कॅमेऱ्यात, दोन चित्रे एकावर एक घेण्याच्या सोयीतून, स्वाक्षरी नसलेल्या चित्रावर खरी स्वाक्षरी उमटविता येते असे आढळले. कंपनीला सेवा थांबवून दिलेली प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. ही लाजिरवाणी गोष्ट खरी. पण त्यात एक चांगलेही आहे : चोरीस गेलेला शिक्का या व्यवस्थेत रद्द करता येतो आणि तसे जाहीर करता येते.

५. न्यायालयाच्या दारी

आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि अंकीय स्वाक्षरीला हस्ताक्षराइतकीच मान्यता मिळाली. परंतु चित्रफितीच्या पुराव्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो महाराष्ट्रातील जालना मतदारसंघाच्या निवडणुकीमुळे. २०१४ साली एका उमेदवाराचे नामनिर्देशनपत्र दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले की आधी, असा तो वाद होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांनी सारे टिपले होते. पण त्या चित्रफितीसोबत पुरावा कायद्याने मागितलेले प्रमाणपत्र नव्हते आणि वारंवार मागूनही ते मिळाले नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या नावाने प्रसिद्ध असलेला निकाल १४ जुलै २०२० रोजी लागला. प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. मात्र पक्षकाराने शक्य ते सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही, तर अशक्य गोष्टीसाठी त्याला दंड नाही, असे न्यायालयाने ठरविले. नियमाचा कडकपणा आणि माणसाची अडचण या दोन्हींचा विचार त्यात दिसतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात या प्रमाणपत्राचा नमुनाच दिला असून त्यात अंकीय नोंदीचे हॅश लिहावयाचे असते. कालपर्यंत गणितज्ञांच्या टिपणात असलेली संज्ञा आज तालुक्याच्या न्यायालयात पोहोचली आहे.

६. स्वाक्षरी काय सांगते आणि काय सांगत नाही

आता त्या चौथ्या प्रश्नाकडे परत येऊ. अंकीय स्वाक्षरी खरी असली म्हणजे चित्र सत्य ठरते का? नाही. समोर नाटक उभे करून त्याचे छायाचित्र घेतले, तर बायारच्या चित्रालाही अस्सल स्वाक्षरी मिळेल. स्वाक्षरी एवढेच सांगते, की अमुक किल्लीच्या धन्याने याची जबाबदारी घेतली आणि तेव्हापासून यात बदल झालेला नाही. तो धनी विश्वासाचा आहे का, हे आपणच ठरवावयाचे.

उलट बाजूही आहे. ज्यावर स्वाक्षरी नाही ते खोटे, असे मानू लागलो तर मोठा अन्याय होईल. जगातील बहुतेक छायाचित्रे साध्या साधनांनी घेतलेली आहेत. संदेश पोहोचविणाऱ्या अनेक व्यवस्था चित्र लहान करताना ही कुळकथा गाळूनही टाकतात. आणि जेथे सत्य टिपणाऱ्याच्या जिवाला धोका आहे तेथे त्याने आपली ओळख झाकली तर तो त्याचा हक्क आहे. दीनदयाळांच्या काचपट्ट्यांवर कोणतीही अंकीय स्वाक्षरी नाही, म्हणून त्या संशयास्पद ठरत नाहीत. त्यांचा वारसा कोणाकडून कोणाकडे आला याची नोंद आहे, हेच त्यांचे बळ.

७. आपल्या शाळेपुरते

आमच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर ते बनावट चित्र गेले नाही. त्याऐवजी शोध घेता घेता शाळेची १९६० सालची रोजनिशी सापडली. तिच्यात एका दिवसाखाली गुरुजींच्या हस्ताक्षरात नोंद आहे : दुपारनंतर वर्ग सुटले, मुलांना विनोबांच्या प्रवचनास नेले, बरोबर दोन शिक्षक होते. खाली त्यांची सही. त्या नोंदीत गुरुजी विनोबांच्या शेजारी उभे नाहीत. ते आम्हा मुलांना मोजत गर्दीच्या मागे उभे असणार. मला त्या दिवसाचे आठवते ते पुढच्या माणसांच्या पाठी आणि गुरुजींचा माझ्या खांद्यावरचा हात. बनावट चित्र दोन आठवडे पाहिल्यावर ही आठवणही पुसट होऊ लागली होती, हे मी आपल्यापुढे कबूल करतो. ज्याने ते चित्र केले त्याला गुरुजींचा मान वाढवावयाचा होता. पण त्यांचा खरा मान त्या दोन ओळींत होता आणि तो त्या चित्राखाली झाकला जात होता.

म्हणून शाळेपुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, संग्रहात येणाऱ्या प्रत्येक छायाचित्राची नोंदवहीत नोंद व्हावी : कोणी आणले, त्यांच्याकडे कोठून आले, केव्हा आले, आणि खाली सही. दुसरी, ज्या छायाचित्रांची अंकीय प्रत होईल तिचे हॅश काढावे आणि संपूर्ण यादीचे एक सार शाळेच्या वार्षिकात दर वर्षी छापावे. ६४ अक्षर-अंकांना एक ओळ पुरते, खर्च काही नाही, आणि वार्षिक घरोघरी जाते. तिसरी, संगणकाने रचलेले चित्र छापावयाचेच झाले तर त्याखाली 'कल्पनाचित्र' असे ठळक छापावे.

आणि त्या फाटक्या सदऱ्यातील मुलाविषयी. त्या गृहस्थांच्या घरी मी आणि मुख्याध्यापक गेलो. छायाचित्रातील एकोणीस मुलांची नावे त्यांनी सांगितली. उरलेल्या चौघांची आठवत नाहीत असेही सांगितले. आम्ही ते लिहून घेतले, त्यांनी खाली सही केली, आम्ही दोघांनी साक्ष घातली. तो कागद आता त्या छायाचित्राच्या पाठीशी ठेवला आहे. त्या चार नावांपैकी एखादे आज येथे बसलेल्या कोणाला आठवत असेल, तर कार्यक्रमानंतर त्यांनी कार्यालयात अवश्य यावे. नोंदवही टेबलावर उघडी ठेवली आहे.